माशाचा कांटा आणि ऊन पाणी

वसईच्या किनाऱ्याला ओहोटी लागली म्हणजे पाचूबंदर, भुईगांव, राजोडी, अर्नाळा अशा सर्व ठिकाणीं वाळूचा आणि चिखलाचा लांबच लांब पट्टा उघडा पडतो. सुटीच्या दिवशीं मुंबईकडील कुटुंबें येथें येतात आणि मुलें घोटाभर पाण्यांत धांवतात. पाणी उथळ, लाटा सौम्य. भिण्यासारखें कांहींच दिसत नाहीं. परंतु अशाच उथळ पाण्यांत, अंगावर वाळू ओढून आणि केवळ डोळे बाहेर ठेवून, पाकट नांवाचा मासा स्वस्थ पडलेला असूं शकतो. त्याच्यावर पाय पडला, तर क्षणार्धांत पायांतून अशी कळ उठते कीं, धडधाकट माणूसही तेथेंच बसकण मारतो.

हा मासा स्वभावानें भांडखोर नाहीं. अंग सुपासारखें चपटें, शेंपटी चाबकासारखी, आणि त्या शेंपटीवर करवतीसारख्या दांत्यांचा एक कांटा. हे दांते मागच्या बाजूस वळलेले असतात; त्यामुळें कांटा शिरतो सहज, परंतु निघतांना मांस फाडून निघतो. कांट्याच्या खालच्या अंगास दोन खोबणी असून त्यांत विष उत्पन्न होतें, आणि या सर्वांवर पातळ कातड्याचें आवरण असतें. मासा तुडविला गेला कीं शेंपटी वर उसळते, कांटा पायांत घुसतो, आवरण फाटतें आणि विष जखमेंत उतरतें. हा हल्ला नव्हे. दबलेल्या जिवाची ती शेवटची धडपड होय.

कोळीवाड्यांत दुसरा एक कांटेवाला सर्वांच्या परिचयाचा आहे. तो म्हणजे शिंगाळा. त्याच्या पाठीवर एक आणि छातीच्या परांशीं दोन असे तीन ताठ कांटे असतात. मासा भेदरला कीं ते उभे राहतात आणि जणूं कुलूप घातल्याप्रमाणें तसेच अडकून बसतात. जाळ्यांतून मासा सोडवितांना हाताला होणाऱ्या जखमा पुष्कळदां याच कांट्यांच्या असतात. मासा मेला म्हणून निर्धास्त व्हावें असेंही नाहीं. विषारी माशांच्या कांट्यांतील विष मृत्यूनंतरही कांहीं काळ टिकून राहतें. बाजारांतून आणलेली मासळी साफ करणाऱ्या गृहिणीनेंही हें ध्यानांत ठेवणें बरें.

अशा दंशाकडे शहरांतील लोकांचें लक्ष वेधलें तें २०१३ सालीं. त्या वर्षीं सप्टेंबरांत दीड दिवसाच्या गणपतींचें विसर्जन चाललें असतां मुंबईच्या गिरगांव चौपाटीवर पाकटांच्या कांट्यांनीं अनेक भाविकांचे पाय जखमी झाले आणि त्यांना रुग्णालयांत न्यावें लागलें. पुढील वर्षांतही विसर्जनासाठीं अनवाणी पायांनीं पाण्यांत उतरूं नये, अशा सूचना सरकारी खात्यांकडून दिल्या गेल्या.

आतां मुख्य प्रश्न हा कीं, कांटा लागला तर पहिल्या घटकेस काय करावें? दुर्दैवानें आपल्याकडे माशाचा कांटा आणि सापाचा दंश यांची गल्लत होते. कोणी पायाला दोरी आवळून बांधतो, कोणी जखमेला चीर देतो, कोणी तोंडानें विष ओढूं पाहतो, तर कोणी वर बर्फ ठेवतो. दोरीनें रक्ताचा प्रवाह अडतो, चिरेनें जखम वाढते, चोखण्यानें तोंडांतील जंतू जखमेंत जातात. बर्फ तर नेमका उलट उपाय आहे. यांत रोग्याचा मोलाचा अर्धा तास जातो आणि वेदना तसूभरही कमी होत नाहींत.

वास्तविक उपाय प्रत्येकाच्या घरांत, नव्हे चुलीवरच आहे. तो म्हणजे ऊन पाणी. पाकट, शिंगाळा आणि त्यांच्यासारख्या इतर माशांचें विष मुख्यतः प्रथिनांचें बनलेलें असतें. हीं प्रथिनें नाजूक असतात आणि उष्णता लागली म्हणजे त्यांचा जोर मोडतो. शिवाय उष्णतेनें वेदनेची जाणीवही मंदावते. म्हणून जखमी हात किंवा पाय सोसवेल तितक्या ऊन पाण्यांत बुडवून ठेवणें, हा आज जगभरचे वैद्य सांगतात तो पहिला उपचार आहे.

तो करावयाचा कसा? प्रथम रोग्याला पाण्याबाहेर आणून बसवावें. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्यानें दाबून धरावें. जखम स्वच्छ पाण्यानें धुवावी, आणि कांट्याचा तुकडा अगदीं वरच दिसत असेल तर चिमट्यानें हलकेच काढावा. मग बादलींत ऊन पाणी घ्यावें. त्याची उष्णता सुमारें ४५ अंश सेल्सियस असावी, त्याहून अधिक नको. घरांत तापमापक नसला तरी अडत नाहीं. तान्ह्या मुलाला न्हाऊं घालण्यापूर्वीं आजी पाण्यांत कोपर बुडवून पाहते, तीच रीत येथें उपयोगी पडते. परीक्षा मात्र निरोगी हातानें करावी, आणि शक्य तर दुसऱ्या माणसानें करावी. कारण दुखऱ्या अवयवाला ऊन-गार नीट समजत नाहीं. विषाच्या कळांनीं बेजार झालेल्या माणसानें उकळत्या पाण्यांत पाय घातला, तर एका दुखण्याचीं दोन दुखणीं होतील. पाणी निवूं लागलें कीं त्यांत थोडें थोडें ऊन पाणी घालीत जावें. घालतांना पाय बाहेर काढावा. अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत हा क्रम चालूं ठेवावा. पुष्कळांची कळ यानें लौकर उतरते. दूर समुद्रांत गेलेल्या मोठ्या होडीवरही भाताची चूल असतेच. जेथें भात शिजतो तेथें हें औषध आहे.

परंतु कळ थांबली म्हणजे काम संपलें असें नव्हे, आणि बहुतेकांची चूक येथेंच होते. उष्णतेनें विषाचा जोर मोडला तरी आंत मोडून राहिलेला कांटा विरघळत नाहीं, आणि समुद्राच्या पाण्यांतील जंतूही मरत नाहींत. कांट्याचा कण आंत राहिला तर जखम दिवसेंदिवस चिघळत राहते. म्हणून त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. ते जखम तपासतील, जरूर पडल्यास क्ष-किरणांचें चित्र काढतील, धनुर्वाताची लस देतील आणि आवश्यक वाटलें तर जंतुनाशक औषध देतील. मधुमेहाच्या किंवा यकृताच्या रोग्यानें तर मुळींच चालढकल करूं नये. श्वास लागणें, चेहरा सुजणें, चक्कर येणें, शुद्ध हरपणें यांपैकीं कांहींही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कांटा छातींत, पोटांत किंवा मानेंत रुतला असेल तर तो उपसूं नये. तो तसाच स्थिर धरून रोग्याला रुग्णालयांत न्यावें. २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील प्रसिद्ध प्राणिमित्र स्टीव्ह अर्विन यांचा मृत्यु पाकटाचा कांटा छातींत शिरल्यानेंच झाला.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कोंकणच्या समुद्रांत साप आहेत आणि ते जाळ्यांतही येतात. माशाचा कांटा लागतांक्षणींच असह्य कळ उठते. उलट समुद्रसापाच्या दंशानें पुष्कळदां दुखतही नाहीं. परंतु कांहीं तासांनीं अंग दुखूं लागतें, पापण्या जड होतात, गिळतां येत नाहीं. तेथें ऊन पाण्याचा उपयोग नाहीं. असा नुसता संशय आला तरी अवयव न हलवितां तडक रुग्णालय गांठावें.

हा विषय केवळ किनाऱ्याचा राहिला नाहीं. १९५१ सालीं मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालें आणि कित्येक पिढ्यांनीं कांचेपलीकडचा समुद्र तेथें डोळे भरून पाहिला. आज तीच कांच वसई-विरारच्या दिवाणखान्यांत आली आहे. हौशी लोक ज्याला फिश टँक म्हणतात त्यांत कोणी कोणी खाऱ्या पाण्यांतील लायनफिशही पाळतात. पिसाऱ्यासारखे पर, अंगावर तांबडे-पांढरे पट्टे. मासा खरोखर देखणा. पण त्या पिसाऱ्यांत पाठीचे १३, पोटाखालचे ५ असे १८ विषारी कांटे दडलेले असतात. दंश बहुधा होतो तो पेटी साफ करतांना, हात पाण्यांत आणि लक्ष दुसरीकडे असतां.

म्हणून असा मासा पाळणाऱ्यानें कांहीं नियम पाळावेत. दुकानांतून मासा आणतांनाच तो विषारी आहे काय हें विचारून घ्यावें. पेटींत हात घालण्यापूर्वीं मासा कोठें आहे तें पाहावें, आणि हातापेक्षां लांब दांड्याचीं हत्यारें वापरावींत. मासा हलवावयाचा तर जाळीपेक्षां भांडें बरें. जाळींत कांटे गुंततात आणि सोडवितांना हातांत शिरतात. मुलांना पेटींत हात घालूं देऊं नये, आणि ऊन पाण्याचा उपाय घरांतील प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या बाईंनासुद्धां, आधींच सांगून ठेवावा. पेटीच्या पाण्यांतही एक जंतु असतो. त्यामुळें कित्येक आठवड्यांनीं बोटांवर न भरणाऱ्या गांठी उठतात. त्या दिसल्यास पेटीची गोष्ट डॉक्टरांपासून लपवूं नये. रोगाचें मूळ तिच्यांत असूं शकतें.

किनाऱ्यावरील सावधगिरी तर याहूनही सोपी आहे. उथळ पाण्यांत पाऊल उचलून टाकूं नये; वाळूवरून घाशीत पुढें सरकवावें. त्या हालचालीनें पाकट सावध होतो आणि निमूटपणें निघून जातो. नुसती रबरी चप्पल पुरत नाहीं. कांटा तिच्यांतून आरपार जाऊं शकतो. मुलाला हें चालणें एकदां खेळ म्हणून शिकविलें कीं तें विसरत नाहीं. समुद्र त्या माशाचें घर आहे आणि माणूस तेथें घटकाभराचा पाहुणा. पाहुण्यानें दार वाजवून आंत जावें, एवढाच याचा अर्थ. आणि चुकून पाय पडलाच, तर पहिली धांव चुलीवरच्या पाण्याकडे आणि दुसरी डॉक्टरांकडे असावी.