तुंबडी, हिजामा आणि अब्बांची एक गोळी

मी दोडामार्गचा, सध्या पुण्यात कोडिंग करतो. लॅपटॉपसमोर बसून मान आखडायची, म्हणून एकदा हिजामा करून घेतला.

हिजामा म्हणजे काय? जुनी माणसं तुंबडी लावणं म्हणायची ना, त्यातलाच प्रकार. सुश्रुतसंहितेतही शिंग आणि भोपळा लावून रक्त काढायचं वर्णन आहे. कपातली हवा ओढली की कातडी वर उचलली जाते. नुसता कप लावला तर कोरडा, बारीक चिरा देऊन रक्त काढलं तर ओला. आमच्याकडे तो सुन्नत मानतात. चांद्र महिन्याच्या १७, १९, २१ या तारखा बघतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकल फेल्प्सच्या खांद्यावर दिसलेले गोल डागही कपांचेच.

मला आराम पडला. मग काय, ऑनलाइन किट मागवलं. कप, पंप, ब्लेड, सगळं आलं. ईदला घरी आलो तर अब्बांची पाठ दुखत होती. मी किट उघडलं. अब्बा म्हणाले, "तू इंजिनियर मां? मगे हकीम कधी झालंस?"

म्हणून युनानी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कपाला हातही लावला नाही. आधी विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" अब्बांना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी आहे, वर शुगर. डॉक्टरांनी सरळ नकार दिला. अशा माणसाला चिरा दिल्या तर रक्त लवकर थांबत नाही, जखम चिघळू शकते.

मी गार पडलो. ती गोळी रोज मीच फोन करून आठवण देतो! आणि ब्लेडही माझ्याच हातात होतं.

मानदुखीत थोडे दिवस आराम पडतो, असं काही अभ्यास सांगतात, पण पुरावा कच्चा आहे. त्याने शुगर बरी होते याला भरवशाचा पुरावा नाही. निघणारं रक्तही "घाण" नसतं, आपलं नेहमीचंच असतं.

श्रद्धा असेल तर जरूर करा. पण चिरा घरी देऊ नका. पदवी विचारा. ब्लेड आणि कप तुमच्यासमोर नवे उघडायला सांगा, नाहीतर कावीळ बी, सी किंवा एचआयव्हीचा धोका. आणि सगळ्या गोळ्यांची नावं सांगा.

अब्बांची पाठ आता शेक आणि व्यायामावर आहे. किटमधली ब्लेडं मी टाकून दिली.

चला, पुढच्या भागात भेटू. खुदा हाफिज, काळजी घ्या!