नाचणीच्या दाण्यातील कॅल्शियम

सह्याद्रीच्या उतारावरील ज्या वरकस जमिनीची सरकारदफ्तरी हलक्या प्रतीची म्हणून नोंद होत आली, तीत पिकणाऱ्या नाचणीच्या शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे सर्वश्रुत आहे. परंतु हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेने देशोदेशींच्या वाणांची तपासणी केली असता हेच प्रमाण 184 पासून 489 पर्यंत, आणि लोहाचे तर तिपटीच्या अंतराने, बदलत असल्याचे आढळले, ही गोष्ट मला अधिक विचारणीय वाटते. बियाणे निवडताना केवळ उतारा पाहून भागणार नाही. कॅल्शियमचा मोठा अंश तांबूस सालीत असल्यामुळे पीठ वस्त्रगाळ करताना तो चोथ्याबरोबर वाया जातो. उलट दाणे भिजवून मोड आणल्यास खनिजांना जखडून ठेवणारे फायटिक आम्ल घटते आणि ती शरीरात सुलभतेने शोषली जातात.