आकाशांतून उतरलेला पाहुणा



सांगली जिल्ह्यांतील कुंडलच्या शिवारांत एखाद्या संध्याकाळीं परदेशी अंतराळयान उतरलें आणि आंत माणसें जिवंत आहेत असें दिसलें, तर काय करावें? प्रश्न कल्पनेंतला वाटेल. पण यानें वाट चुकतात. १९६५ च्या मार्चमध्यें बेल्यायेव्ह व लिओनॉव्ह हे सोव्हिएट अंतराळवीर नियोजित स्थळापासून शेंकडों किलोमीटर दूर, बर्फानें भरलेल्या अरण्यांत उतरले आणि त्यांना दोन रात्री तेथेंच काढाव्या लागल्या. अरण्य त्यांच्याच देशाचें होतें. तें शत्रुराष्ट्राचें असतें तर?

याचें उत्तर १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानें दिलें. भारतहि त्यांत सामील आहे. संकटांतील यात्री ज्याच्या भूमीवर उतरेल, त्या राज्यानें त्याची तात्काळ सुटका करावी, यान पाठविणाऱ्या सत्तेस व संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांस कळवावें, आणि त्याला सुखरूप परत पाठवावें. यात्री मित्रराष्ट्राचा कीं शत्रुराष्ट्राचा, असा भेद करारांत नाहीं. पत्रीसरकारच्या काळांत जीव धोक्यांत घालून भूमिगतांना आसरा देणाऱ्या कुंडल परिसराला हा धर्म नव्यानें शिकवावयास नको.

निर्जीव वस्तूंविषयींहि नियम आहे. २ एप्रिल २०२२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतील लाडबोरी येथें धातूचें मोठें कडें आकाशांतून कोसळलें. तें चिनी अग्निबाणाचें असावें, असा तज्ज्ञांचा कयास होता. अशी वस्तु मालक राष्ट्रानें मागितल्यास परत करावयाची. तिच्या शोधाचा व परतीचा खर्च मात्र त्या राष्ट्रानें सोसावयाचा. माणसाच्या सुटकेचा खर्च कोणीं द्यावा, याविषयीं करार मौन पाळतो.

त्याहून मोठी उणीव पुढेंच आहे. यान पृथ्वीभोवतीं फिरत असतांनाच निकामी झालें तर? अंतराळवीरांनीं एकमेकांस शक्य तें साहाय्य करावें, असें १९६७ चा तह सांगतो. परंतु सुटकेचें यान सज्ज ठेवण्याचें बंधन कोणत्याहि राष्ट्रावर नाहीं. शिवाय दोन यानांचीं दारेंच जुळलीं नाहींत, तर सदिच्छा असून उपयोग काय? १९७५ सालीं अमेरिका व सोव्हिएट संघ यांनीं आपलीं यानें अंतराळांत जोडून पाहिलीं, त्यामागें हाहि विचार होता.

भारत आतां स्वतःच्या यानांतून माणसें पाठविण्याची तयारी करीत आहे. तीं सुखरूप परततील अशी आशा करूंच. पण सर्व राष्ट्रांच्या यानांचीं दारें एकमेकांस जुळावींत, हा आग्रह भारतानें आजच धरला पाहिजे. संकट ओढवल्यावर दार घडवावयास वेळ मिळत नाहीं.