मद्रासला सांपडलेला काळा लघुग्रह

भंडारा जिल्ह्यांतील सिहोरा गांवाचें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें नसेल. पण त्याच तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी अनेकांना ठाऊक असतील. त्या खाणींतला एक मोठा काळा धोंडा चांदण्यांत अंगणांत ठेवा आणि शेजारीं एक लहानशी पांढरी गारगोटी ठेवा. दुरून गारगोटी चटकन् दिसेल, धोंडा दिसेलच असें नाहीं. आज ज्या लघुग्रहाविषयीं बोलावयाचें आहे, तो असाच धोंडा आहे.

१७ नोव्हेंबर १८६८ रोजीं मद्रासच्या वेधशाळेंत नॉर्मन पॉग्सन ह्या ज्योतिर्विदास तो सांपडला. मंगळ व गुरु यांच्या दरम्यान फिरणाऱ्या लघुग्रहांत त्याचा क्रमांक १०७, नांव कॅमिला. दुर्बिणींत दिसला तो केवळ एक मंद बिंदु. गंमत अशी कीं, ताऱ्यांचें तेज मोजण्याचें जें प्रमाण आज जगभर चालतें, पांच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट तेज, तें ह्याच पॉग्सनसाहेबांनीं १८५६ मध्यें सुचविलें होतें. प्रकाशाचा असा काटेकोर हिशेबनीस, आणि त्याच्या पदरीं पडला प्रकाश गिळणारा गोळा! बिंदु मंद आहे तो लहान म्हणून कीं काळा म्हणून, हें नुसत्या तेजावरून कळत नाहीं. १८९१ मध्यें मद्रासलाच त्यांचा अंत झाला. आपण केवढी वस्तु शोधली हें त्यांना अखेरपर्यंत समजलें नाहीं.

तें पुढें सांगितलें उष्णतेनें. काळी वस्तु ऊन शोषून तापते आणि ती ऊब अदृश्य किरणांच्या रूपानें बाहेर टाकते. १९८३ सालीं सोडलेल्या ‘आयरास’ ह्या कृत्रिम उपग्रहानें लघुग्रहांची ही ऊब मोजली. प्रकाश आणि ऊब यांचे आंकडे ताडून पाहतां कॅमिलाची रुंदी सुमारें २५० किलोमीटर भरते. पुण्याहून कोल्हापूर गांठावें त्याहून किंचित् अधिकच. अंगावर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकीं जेमतेम पांच भाग तो परत पाठवितो. पृष्ठभागावरील कार्बनयुक्त द्रव्यामुळें त्याचा वर्ण कोळशासारखा.

२००१ सालीं हबल दुर्बिणींतून त्याच्याभोंवतीं एक चिमुकला चंद्र दिसला. २०१६ मध्यें दुसऱ्याची वार्ता आली. चंद्राच्या फेऱ्यांवरून मूळ गोळ्याचें वजन काढतां येतें. मँगनीजचा धोंडा पाण्याच्या चौपट जड. कॅमिला मात्र पाण्याच्या दीडपटही नाहीं! म्हणजे आंत पोकळ्या असल्या पाहिजेत, कदाचित् बर्फही.

सूर्याभोंवतीं त्याची एक फेरी सुमारें साडेसहा वर्षांची. सिहोऱ्याच्या निबिड अंधारांतही तो नुसत्या डोळ्यांना दिसावयाचा नाहीं. बऱ्यापैकीं दुर्बीण आणि ताऱ्यांचा नकाशा हवा. दोन रात्रीं तोच आकाशभाग पाहिला, तर ताऱ्यांमधून सरकलेला एक ठिपका आढळेल.