साष्टीच्या रानातला माणूस

काशीमिऱ्याहून ठाण्याकडे निघालात की उजव्या हाताला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसतो. डावीकडे नागल्याचं रान, आणि त्यापलीकडे वसईची खाडी. हे सगळं साष्टी बेटच. पक्षी-अभ्यासक हुमायूँ अब्दुलअली (१९१४ ते २००१) या बेटावरची पाखरं रानात फिरून नोंदवत. मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर त्यांनी पक्षितज्ज्ञ सालीम अलींसोबत लेखमाला लिहिली, तीही पंचविशीच्या आत!

पण नुसती निरीक्षणं करून ते थांबले नाहीत. १९५१चा मुंबईचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा व्हावा म्हणून त्यांनी मोठी खटपट केली. बोरिवलीचं रान, म्हणजे आजचं हे राष्ट्रीय उद्यान, राखण्यातही त्यांचा हात होता. आणि बेडकांचं प्रकरण तर खासच. आपल्या भातखाचरांतले बेडूक पकडून त्यांच्या तंगड्या परदेशी पाठवल्या जात. बेडूक किडे फस्त करतो, तो गेला की पिकावर कीड पडते, हे अब्दुलअली चिकाटीनं मांडत राहिले. १९८७मध्ये ही निर्यात बंद झाली.

त्यांनी राखलेल्या या उद्यानातल्या रानवाटांवर जायचं असेल, तर वनखात्याची परवानगी आधी काढा. पहाटे निघा, दुर्बीण न्या, आणि मोबाइलवरची गाणी मात्र बंद.