ऊन पाण्याच्या वाटेवर एकटा

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पण त्या शिदोरीवर मीं चौतीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला. उष्ण पाण्याच्या कारंज्याचें चित्र मी दरसाल रंगीत खडूनें फळ्यावर काढीत असें. एकदां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तुम्हीं हें पाहिलें आहे का?" मी नाहीं म्हणालों. वर्ग हंसला नाहीं. परंतु तो प्रश्न माझ्या मनांत कायमचा राहून गेला. २०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यांत, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, त्याचें उत्तर शोधण्याची संधि मला मिळाली.

माझा मुलगा अमेरिकेंत नोकरीस आहे. तो आम्हां सर्वांस यलोस्टोन येथें घेऊन गेला. १ मार्च १८७२ रोजीं स्थापन झालेलें हें जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान मानलें जातें. त्याचा विस्तार सुमारें नऊ हजार चौरस किलोमीटर असून, साऱ्या जगांतील उष्ण कारंज्यांपैकीं जवळजवळ निम्मीं तेथें आहेत. अशा कारंज्यास गीझर म्हणतात. आपल्या न्हाणीघरांतील यंत्रासहि आपण तेंच नांव दिलें आहे. मूळ शब्द आइसलंडमधील एका कारंज्याचा.

आमच्या कोंकणांत उन्हवरें, तुरळ वगैरे ठिकाणीं ऊन पाण्याचे झरे आहेत. लहानपणीं मीं त्यांत स्नान केलेलें आहे. तेथें पाणी शांतपणें वाहतें. यलोस्टोनला तें उसळतें. असें कां व्हावें? तेथें भूमीच्या पोटांत शिलारसाची धग आहे, आणि पाणी वर येण्याची नळी मध्येंच चिंचोळी आहे. वरच्या पाण्याच्या दाबामुळें खालचें पाणी अतिशय तापूनहि उकळूं शकत नाहीं. थोडें पाणी वरून सांडलें कीं दाब उतरतो, आणि खालच्या पाण्याची एकदम वाफ होऊन सारा स्तंभ आकाशांत फेंकला जातो. ओल्ड फेथफुल, म्हणजे 'जुना इमानी', हें १८७० सालीं नांव मिळालेलें कारंजें मीं पहिल्या दिवशीं पाहिलें. त्याचें पाणी तीस ते पंचावन्न मीटरपर्यंत चढतें, आणि दोन उसळ्यांमध्यें बहुधा दीड तासाच्या आसपास वेळ जातो. उसळी थोडक्यांत आटोपली, तर पुढची लवकर येते. कारण नळींतील सर्व पाणी खर्ची पडलेलें नसतें.

दुसऱ्या दिवशीं फेअरी फॉल्स या धबधब्याकडे पायीं जावयाचें होतें. परंतु नातवाचा पाय मुरगळला, आणि मीं एकट्यानेंच जाण्याचा हट्ट धरला. तिघांहून कमी माणसांनीं रानांत जाऊं नये, असा उद्यानाचा सल्ला आहे. तो मीं मोडला, ही माझी पहिली चूक. फायरहोल नदीच्या पुलाशीं मुलानें मला सोडलें, अस्वलावर मारावयाचा तिखट फवारा कमरेस बांधला, आणि एक वाजतां परत येण्याचें वचन घेतलें.

प्रथम एका टेकाडावरून ग्रँड प्रिझमॅटिक हें प्रचंड उष्ण कुंड दिसलें. मध्यें गर्द निळें पाणी, आणि भोंवतीं पिवळीं, नारिंगी, तांबूस वलयें. हे कांठचे रंग उष्णतेंत जगणाऱ्या सूक्ष्म जंतूंचे आहेत. या भागांतील अशाच एका झऱ्यांतून १९६६ सालीं टॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनीं एक जंतु मिळविला. त्याच्यापासून लाभलेलें द्रव्य उष्णतेनें बिघडत नाहीं, म्हणून पीसीआर परीक्षेस तें उपयोगी पडलें. २०२० सालच्या कोरोनाच्या सांथींत आपल्या घरोघरीं ज्या तपासणीच्या निकालाची वाट पाहिली गेली, तिचें मूळ असें या उकळत्या पाण्यांत आहे!

पुढील वाट पाइनच्या झाडींतून जाते. १९८८ सालच्या वणव्यानें उद्यानाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग होरपळला होता. या पाइनवृक्षांचीं कांहीं फळें राळेनें घट्ट मिटलेलीं असतात, आणि आगीच्या धगीनेंच तीं उघडून बीं बाहेर पडतें. जळक्या खोडांच्या शेजारीं उभी असलेली ही तरुण पिढी पाहून जुन्या मास्तराला बरें वाटलें. झाडीच्या शेवटीं साठ मीटर उंचीवरून पडणारी पाण्याची बारीक धार दिसली. तिच्या तुषारांत मी कितीतरी वेळ बसलों.

तेथून इंपीरियल नांवाचें कारंजें जेमतेम एक किलोमीटर. इतर मंडळी माघारीं वळली; मी पुढें निघालों. थोड्या वेळानें वाट अडवून एक बायसन उभा असलेला दिसला. हा प्राणी नऊशें किलोपर्यंत वजनाचा, आणि माणसाच्या तिप्पट वेगानें धांवणारा. त्याच्यापासून निदान तेवीस मीटर दूर राहावें असा नियम आहे. मी मागें सरलों आणि अर्धा तास थांबलों. तो हलेना.

बाजूस दलदल होती, आणि पलीकडे पांढुरकी, उघडी जमीन. पन्नाससाठ पावलांत ती ओलांडून पुन्हां वाटेस लागतां आलें असतें. मनांत आलें, येथवर येण्यास सारा जन्म गेला. आतां पुन्हां कोण आणणार? एक पाऊल मीं उचललेंहि. पण ती पांढरी जमीन म्हणजे दुधावरची साय. खालीं उकळतें पाणी असूं शकतें. २०१६ सालीं याच उद्यानांत, नॉरिस येथें, आंखून दिलेली वाट सोडून गेलेला एक तरुण उष्ण कुंडांत पडून प्राणांस मुकला. सहलीच्या वेळीं मी मुलांना सांगत असें, "वाट सोडूं नका, मी तुमच्या पाठीमागें आहें." त्या रानांत माझ्या पाठीमागें कोणी नव्हतें. जो एकटा चालतो, त्याला नियमावांचून दुसरा सोबती नाहीं, हें मला त्या क्षणीं कळलें. उचललेलें पाऊल मीं मागें घेतलें.

पुलावर पोंचलों तेव्हां एक वाजून गेला होता. मुलगा कठड्यास टेकून वाटेकडे डोळे लावून उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं. पण त्याचा चेहरा पाहून मला माझ्या हट्टाची लाज वाटली. गाडींत बसलेल्या नातवानें विचारलें, "आजोबा, सगळें पाहिलें का?"

"नाहीं बाळ, एक कारंजें राहिलें," मीं सांगितलें. त्या जुन्या वर्गांत नाहीं म्हणतांना मी खजील झालों होतों. या वेळीं तसें वाटलें नाहीं.

श्रोतेहो, आतां आपल्यापैकीं पुष्कळजण देशोदेशीं फिरतात. जरूर फिरावें, वृद्धांनींहि फिरावें. मात्र एखादें ठिकाण पाहावयाचें राहिलें तर हळहळूं नये. घरीं कोणी आपली वाट पाहत आहे, याचें स्मरण ठेवून जो वेळेवर मागें वळतो, त्याचाच प्रवास पुरा झाला असें मी समजतों.