वाड्यातलं मांजर सहाव्या मजल्यावर

पुण्याच्या पेठेतला वाडा पुनर्विकासाला गेला की भाडेकरूंची जागा, पार्किंग, ताबा कधी मिळणार, या सगळ्याचा करारनामा होतो. चौकात वावरणाऱ्या मांजराचा उल्लेख त्यात कुठून असणार? सामान टेम्पोत चढू लागलं की तो विषय निघतो आणि घरातलं कुणी वडीलधारं तो लगेच मिटवून टाकतं: कुत्रं माणसाला धरून असतं, मांजर वास्तूला, राहू दे ते इथंच. माझं म्हणणं असं की मांजर न्यावं, आणि नेल्यावर दार बंद ठेवावं.

वडीलधाऱ्यांचं निरीक्षण खोटं नाही. पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलेलं मांजर परतल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात. पण मांजर वास्तूला धरतं म्हणजे नेमकं कशाला धरतं? खांबाच्या कडेला गाल घासून ठेवलेला स्वतःचा वास, सकाळच्या उन्हाची पायरी, कुत्रं आलं तर चढायची कौलं, दुधाची वेळ. हा संसार आपल्याला वाटतो तेवढा ऐसपैस नसतो. सहा देशांतल्या नऊशेहून अधिक पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस बांधून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक मांजरांचा वावर घरापासून शंभर मीटरांच्या आतच आढळला. एवढी सृष्टी दुसरीकडे मांडता येते. शिवाय वाडा पाडल्यावर धरायला वास्तू उरतेच कुठे? उरतो तो पत्रे ठोकलेला खड्डा. पिल्लांना सात घरं फिरवणारी मांजरी आपल्या बोलण्यात आहेच. म्हणजे जागा बदलणं या जातीला अगदीच परकं नाही, जागा कुणी निवडली एवढाच फरक. आणि उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर सोडून जाणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगतो.

आता आक्षेप. मोकळं हिंडणारं मांजर कोंडणं हीच क्रूरता, असं प्राण्यांवर माया करणारेच म्हणतात. त्यांनी रस्त्याकडे पाहावं. मांजराची शिकारीची वेळ पहाट आणि तिन्हीसांज. तिन्हीसांजेलाच शहरातली वाहतूक सर्वांत दाट. त्यात नव्यानं आलेलं मांजर दार उघडं दिसताच जुन्या घराच्या शोधात निघतं, म्हणून निदान दोन-तीन आठवडे तरी ते घरात ठेवा असं जाणकार सांगतात. गावात त्यानंतर सोडायला माझी हरकत नाही. हमरस्त्यावरच्या इमारतीत आहे. दुसरा आक्षेप जरा विनोदी: मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर उतरतं, मग गॅलरीला जाळी कशाला? न्यूयॉर्कमधल्या एका पशुरुग्णालयात १९८४ साली पाच महिन्यांत उंच इमारतींतून पडलेली १३२ मांजरं आली आणि उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, हा आकडा त्यासाठी पुढे केला जातो. पण रुग्णालयात आणली जातात ती श्वास चालू असलेली. खाली पडून जागीच मेलेलं मांजर त्या हिशेबात कसं येईल? तेव्हा जाळी हवी, आणि ती डासांची नव्हे. ती नखांनी सहज फाटते.

कोंडण्यातला जाच मात्र खरा आहे. तो कमी करण्याचे मार्ग अगदी साधे आहेत. नसबंदी जुन्या घरीच उरकावी, जखम भरल्यावर हलवावं. जिच्यावर ते झोपायचं ती गोधडी धुवायची नाही. मऊ फडकं त्याच्या गालांवर फिरवून नव्या घरातल्या चौकटींना आणि टेबलाच्या पायांना त्याच्याच उंचीवर पुसावं. पहिले काही दिवस एकच खोली, त्यात चढायला एक उंच फळी आणि लपायला पुठ्ठ्याचं खोकं. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्यानं आलेल्या मांजरांना अशी खोकी दिली, तेव्हा ती इतरांपेक्षा लवकर निवळली. तो अभ्यास २०१४ चा आहे. विधीसाठी ठेवलेल्या ट्रेमध्ये सुरुवातीला वाड्याच्या अंगणातलीच माती घालावी, कारण बाहेर जाणाऱ्या मांजराला दुकानातली वाळू कशासाठी ते कळत नाही. दाराशी रात्री ओरडणं सुरू झालं की दार उघडायचं नाही; एकदा उघडलं की ओरडल्यावर दार उघडतं हे ते शिकतं. त्याऐवजी झोपण्यापूर्वी दोरीला पीस बांधून दमेपर्यंत खेळवावं आणि मग खायला घालावं. इतकं करूनही जन्मभर गल्लीत वाढलेला एखादा बोका महिनोन्‌महिने अन्न टाकून खिडकीशी बसतो. त्याच्यासाठी अंगण असलेलं, त्याची जबाबदारी नाव घेऊन पत्करणारं घर शोधणं योग्य, आणि ते शोधायची वेळ टेम्पो दारात येण्याआधीची.